जमीन दिसेनाशी होईपर्यंत

गलबतावर पाय ठेवण्याआधी मी त्याच्या फळीवर टकटक करून पाहिलं. लाकूड होतं. तरी आणखी दोन ठिकाणी वाजवून पाहिलं, कारण आदल्याच आठवड्यात दुबईच्या खाडीत मला एका ‘अस्सल जुन्या’ जहाजावर जेवायला नेलं होतं आणि टिचकी मारल्यावर त्याची डोलकाठी प्लास्टिकच्या बादलीसारखी वाजली होती. जेवण चांगलं होतं. पण अस्सल म्हणून वाढलेलं जेवणही मग मी जरा उलटंपालटं करूनच खाल्लं.

मी सांगलीची. मुलींच्या वसतिगृहाची रेक्टर म्हणून लागले आणि तिथूनच निवृत्त झाले. हे काम ज्यांनी केलेलं नाही त्यांना मी संशयी वाटते. मैत्रिणीकडे अभ्यासाला जाते, गावची बस चुकली, मावशी सिरियस आहे, ही वाक्यं रोज ऐकणाऱ्या बाईने कुणाच्या तोंडाकडे न बघता नुसत्या शब्दांवर विश्वास ठेवला तर वसतिगृह आठवड्यात रिकामं होईल. तेव्हा अमिरातींच्या या प्रवासात मी जे जे पाहिलं ते आधी डोळे बारीक करून पाहिलं. वाचकांनी एवढं सांभाळून घ्यावं.

शारजा

माझा धाकटा भाऊ निरंजन शारजात राहतो. दुबईतल्या अल क्वोजमध्ये त्याचं काँट्रॅक्टिंगचं ऑफिस आणि वर्कशॉप आहे, त्यामुळे घरी तो फक्त झोपायला येतो. त्याची बायको मानसी एका क्लिनिकमध्ये फिजिओथेरपिस्ट. आणि त्यांची इरा, वय वर्षं अकरा. आपण मराठीत विचारायचं, ती इंग्रजीत उत्तर देणार. तिथल्या सगळ्याच मुलांचं असं आहे. मुलं दोन्ही भाषा जाणतात, फक्त एक कानासाठी ठेवतात आणि एक तोंडासाठी.

इराला जहाजांचं वेड आहे. तिच्या खोलीत बाहुल्या नाहीत, दोऱ्या आहेत. पलंगाच्या दांडीला वेगवेगळ्या गाठी मारून ठेवलेल्या. शिडाच्या जहाजांवरचे लोक काय खायचे, किती झोपायचे, त्यांच्या हिरड्या का कुजायच्या, हे ती नाश्त्याच्या वेळी सांगते. एकदा तिने पुस्तकात वाचून खलाशांची बिस्किटं भाजली. मी एक तोडायचा प्रयत्न केला आणि मग दाढ चाचपून पाहिली. तिला मात्र आनंद झाला. बिस्किटं तशीच व्हायला हवी होती म्हणे.

तिची एकच इच्छा होती. जिथून चारी बाजूंना जमीन दिसत नाही अशा जागी शिडाच्या जहाजातून जायचं. जुन्या दर्यावर्दींना कसं वाटलं असेल ते बघायचं.

आणि ते जमून आलं होतं. हमीदचाचा म्हणून निरंजनचे ओळखीचे एक व्यापारी आहेत. मूळ रायगडच्या किनाऱ्यावरचे, आता रास अल खैमात मासळी आणि मसाल्याचा धंदा. त्यांचे वडील आणि आजोबा शिडाच्या गलबतांचे नाखवे होते. हमीदचाचांनी तसंच एक जुनं गलबत मिळवून, दुरुस्त करून, शीड लावून तयार केलं होतं. या हिवाळ्यात ते ओळखीच्या घरातल्या मुलांना दोन-दोन दिवस समुद्रावर नेत होते. इराचा नंबर लागला तेव्हा तिला ताप आला. आता तिला ही शेवटची संधी होती, कारण गलबत एका हॉटेलने विकत घेतलं होतं. पुढच्या सोमवारी डोलकाठी उतरवणार आणि ते हॉटेलच्या दारात शोभेला उभं करणार. नंतर पुन्हा पाण्यात जाणं नाही.

मी लगेच विचारलं, “एवढं हौसेनं केलं तर विकतोय का?”

“ताई, त्याचे गुडघे गेलेत आणि मुलांना त्यात इंटरेस्ट नाही,” निरंजन म्हणाला. “सगळ्या परमिशन्स आहेत, रेडिओ आहे, लाइफ जॅकेट आहेत. प्रत्येक गोष्टीत काय शोधतेस?”

मानसीने मात्र माझी बाजू घेतली, आणि तिथेच मी अडकले. “माझी आणि ह्याची सुट्टी नाहीये,” ती म्हणाली. “ताई बरोबर जात असतील तरच इरा जाईल. आणि ताईंनी जाऊन आधी बोट बघायची. त्यांनी नाही म्हटलं तर खलास, विषय संपला.”

इराने माझ्याकडे पाहिलं. वसतिगृहात दारावर रात्रीची परवानगी मागायला उभ्या राहणाऱ्या मुली अशाच बघायच्या.

रास अल खैमा, पहिली फेरी

शारजा सोडलं की उंच इमारती हळूहळू विरळ होतात, मग उंट दिसतात, मग सिमेंटचे कारखाने, आणि त्यांच्या मागे एकदम डोंगर. झाड नाही, गवत नाही, नुसता सोलून ठेवल्यासारखा तपकिरी दगड. आपला सह्याद्री उन्हाळ्यातही इतका उघडा नसतो. वाटेत इराने आणि मी खमीर नावाची खजूर घातलेली फुगीर भाकरी खाल्ली, तिच्यावर चीज आणि मध. मला ती आवडली, पण खजुराची बी निघेल या धास्तीने मी हळूहळू चावली.

खाडीच्या कडेला गलबत पाहिलं आणि मी जागीच थांबले. ते अर्धं बुडालेलं होतं.

अतिशयोक्ती करत नाही. उथळ पाण्यात ते तळाला टेकलं होतं आणि त्याच्या पोटात गुडघाभर पाणी होतं. दोन खलाशी काठावर बसून चहा पीत त्या पाण्याकडे अशा समाधानाने बघत होते की जणू काही घरची गाय चरतेय. हमीदचाचा पुढे आले. बुटके, पांढरी दाढी, लुंगीवर इस्त्रीचा शर्ट. “या ताई, या. चाय घ्या.”

“हे बुडालंय,” मी म्हटलं.

“बुडालं नाही, पाणी पितंय. आठवडाभर वाळूवर काढून तळ घासला ना, उन्हात लाकूड सुकलं, फटी पडल्या. आता पाणी पिऊन फुगेल, फटी बंद होतील. मग उपसून टाकायचं. परवा बघा, एकदम टाइट, इन्शाल्ला.”

“इट्स सपोज्ड टू डू दॅट, आत्या,” इरा म्हणाली.

कुऱ्हाडीचा दांडा सैल झाला की पाण्यात भिजत घालतात हे मलाही माहीत आहे. पण कुऱ्हाडीत कुणी अकरा वर्षांची पोर बसवून समुद्रावर नेत नाही. मी चहा घेतला आणि सगळं बघून घेतलं. शिडाचं गलबत म्हणे, पण मागच्या बाजूला इंजिन होतं. विचारल्यावर कळलं की ते नसेल तर बंदरातून सोडतच नाहीत. लाइफ जॅकेटांच्या शिट्ट्या मी एकेक करून फुंकल्या. मागच्या टोकाला पाण्यावर लटकणारी एक भोकाची लाकडी पेटी होती. तो संडास होता. ते पाहून इराला फार आनंद झाला आणि मला अजिबात झाला नाही.

दोन दिवसांनी मी हट्टाने पुन्हा गेले. पाणी उपसलं होतं. तळाशी उरलेलं थोडं पाणी मात्र होतंच. “इतकं राहतंच,” हमीदचाचा म्हणाले. मी कपाळावरची टिकली काढली आणि आतल्या फळीवर, पाण्याच्या बरोबर रेघेवर चिकटवली. “शुक्रवारी येईन. पाणी टिकलीच्या वर दिसलं तर आम्ही येणार नाही.”

खलाशी एकमेकांकडे बघायला लागले. हमीदचाचा हसले नाहीत. खाली वाकून त्यांनी टिकली अंगठ्याने नीट दाबून बसवली. “माझे वालिद अशीच खूण म्हणून खिळा ठोकायचे,” ते म्हणाले. “तुम्ही आमच्यातल्या दिसता.”

शुक्रवारी दुपारी पाणी टिकलीच्या खाली होतं. मी नखाने खरवडून पाहिलं, टिकली कुणी वर सरकवलेली नव्हती. मी मानसीला फोन करून हो म्हटलं.

गलबतावर, शनिवार

शीड चढवणं हे काम मी चित्रात पाहिलं होतं, आणि चित्रात घाम दिसत नाही. त्रिकोणी शीड ज्या आडव्या वाशाला बांधलेलं असतं तो वासा आमच्या सांगलीच्या घराच्या लांबीचा होता. तो दोरांनी वर ओढायचा, सगळ्यांनी एका सुरात ओरडत. इराने दोर धरला, ओरडली आणि ओढला. तिचे तळवे सोलले. मी हळद लावते म्हटलं तर म्हणाली, “नो, दे डिडन्ट हॅव दॅट.”

“आमच्याकडे होती,” हमीदचाचा म्हणाले. “हळद घेऊनच तर यायचो आम्ही इथे. हळद, चावल, साग. जाताना खजूर. तुझ्या किताबात कुणाची जहाजं आहेत बाय?”

मग जेवण होईपर्यंत तिचं पुस्तक आणि त्यांचं घराणं यांची जुगलबंदी झाली. ती म्हणायची, खलाशांना किडे पडलेली बिस्किटं मिळायची. ते म्हणायचे, आमच्यात सुकट आणि भात. ती म्हणाली, लिंबू नाही म्हणून दात पडायचे. ते म्हणाले, माझी दादी बरण्या भरभरून लिंबाचं लोणचं द्यायची, दात शेवटपर्यंत शाबूत. वाळू भरलेल्या पेटीत चूल पेटवून एक खलाशी भात आणि माशाचं कालवण करत होता. इराने तिची बिस्किटं वाटली. खलाशांनी ती चहात बुडवून बराच वेळ धरली आणि मग अतिशय आदराने खाल्ली.

तिने पाण्याचं रेशनही लावलं. माणशी मोजून मगभर. माझ्या पिशवीत तळाशी पाण्याच्या चार बाटल्या होत्या, हे मी कुणाला सांगितलं नाही.

संध्याकाळी किनाऱ्याजवळच नांगर टाकला. शिशाचा एक लंबुळका गोळा दोरीला बांधून इराने खाली सोडला. त्याच्या बुडाला चरबी फासलेली असते, तिला तळ चिकटून येतो. वर काढला तर करडी वाळू आणि शिंपल्याची कपची. हमीदचाचांनी वास घेतला. मीही घेतला. समुद्राच्या तळावरही कुणी डोळे मिटून विश्वास ठेवत नाही, हे बघून मला मनातून फार बरं वाटलं.

“उद्या पूर्ण बाहेर जायचं,” ते इराला म्हणाले. “जमीन बुडेपर्यंत. पण आमचा एक रिवाज आहे. डोंगर पुसट व्हायला लागला की नाखवा प्रत्येकाला विचारतो, राजी? सगळ्यांनी तोंडाने बोलायचं, राजी. एक जण जरी नाराज असला तरी सुकाणू फिरवायचं. मग तो नाखव्याचा भाऊ असो नाहीतर भांडी घासणारा असो.”

“व्हाय?”

“जमीन दिसते तोपर्यंत भ्यायलेलं माणूस फक्त भ्यायलेलं असतं. जमीन गेली की तेच माणूस गाठ चुकीची मारतं, चोरून पाणी पितं, नसलेली जहाजं बघतं. त्याची भीती सगळ्यांना लागते.”

चोरून पाणी म्हटल्यावर मी पिशवी पायाने मागे सरकवली.

गलबतावर, रविवार

पहाटे निघालो. वारा मागून, एकसारखा. इंजिन बंद झालं आणि मग जो आवाज उरला तो मी आधी कधी ऐकला नव्हता. पाणी फळ्यांना घासून जातं त्याचा, आणि दोर ताणले जातात त्याचा. एवढंच. मला वाटलं होतं की मी घाबरेन. उलट लहानपणी जत्रेच्या पाळण्यात बसल्यावर वाटायचं तसं वाटलं, आणि ते मला आवडलं.

मागे डोंगर होते. धुरकट हवेत आधी त्यांचा पायथा पुसला गेला. मग वरचा भाग नुसता तरंगत राहिला, पेन्सिलीने काढलेल्या रेघेसारखा. इरा पुढच्या टोकाला बसून सारखी मागे वळून बघत होती. रेघ पुसट झाली की तिचं तोंड उघडायचं, पुन्हा दिसली की मिटायचं.

मी कठडा दोन्ही हातांनी धरून उभी होते. आयुष्यभर मी दारं बंद आहेत ना ते बघितलं. इथे दार नव्हतं, भिंत नव्हती, आणि मला वाटत होतं की ती रेघ जावी. खरंच जावी. इतकं मनापासून काही हवंसं वाटल्याला फार वर्षं झाली होती. म्हणूनच कठडा धरला होता. नाहीतर मी नाचले असते.

हमीदचाचांनी सुकाणू एका खलाशाकडे दिलं आणि ते मधोमध उभे राहिले. एकेकाला विचारलं. खलाशी म्हणाले, राजी. इरा इतक्या जोरात ओरडली की सगळे हसले. मग ते माझ्याकडे वळले.

“ताई, राजी?”

“राजी,” मी म्हटलं. स्पष्ट म्हटलं, पहिल्याच खेपेला.

ते माझ्याकडे बघत राहिले. मग त्यांनी आकाशाकडे पाहिलं, पाण्याकडे पाहिलं आणि सुकाणूवरच्या माणसाला म्हणाले, “यल्ला, फिरव. परत.”

इराने “नो” म्हटलं, आधी हळू, मग मोठ्याने. मला वाटलं, त्यांना हवेत काहीतरी दिसलं असेल. तोंडावर आलं होतं, का म्हणून. पण मी ठरवलं होतं की आजचा एक दिवस या माणसावर विश्वास ठेवायचा. प्रश्न विचारायचा नाही. मी विचारला नाही. आकाश धुतल्यासारखं स्वच्छ होतं, समुद्र ताटात ओतलेल्या दुधासारखा निवांत, आणि तो दिवसभर तसाच राहिला. रेघ जाड झाली, पायथा आला, सिमेंटची चिमणी आली.

खाडीत शिरताना ओहोटी लागली होती. तळ टेकण्याआधी घाईने खाडीत शिरावं लागलं, आता पुन्हा बाहेर पडणं शक्य नव्हतं. नांगर पडल्यावर इरा माझ्यासमोर येऊन उभी राहिली. डोळे लाल. “यू टोल्ड हिम. धिस मॉर्निंग, ओव्हर टी. यू टोल्ड हिम टु टर्न बॅक.”

“नाही गं. मी काही सांगितलं नाही.”

“यू ऑलवेज डू.”

“बाय, आत्याने काही नाही सांगितलं,” हमीदचाचा म्हणाले. “त्यांनी राजीच म्हटलं. पण मी चेहरा बघितला. ओठ घट्ट, डोळे असे बारीक, कठड्यावर बोटं पांढरी पडलेली. तोंडाने राजी आणि चेहऱ्याने नाही. पोरीसाठी हो म्हणत होत्या बिचाऱ्या. असं माणूस घेऊन मी जमीन सोडत नाही.”

मला काही क्षण समजेचना. मग समजलं.

“हमीदचाचा, मी राजी होते,” मी म्हटलं. “मी खरंच राजी होते. मला जायचं होतं.”

त्यांनी पुन्हा माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं. “माफ करा ताई,” ते म्हणाले. पण त्यांना पटलेलं नव्हतं. न पटलेलं माणूस मला लांबून ओळखता येतं.

“अजून एकदा नेता येईल? उद्या सकाळी?” मी विचारलं. मी सहसा कुणाकडे काही मागत नाही.

“उद्या क्रेन येणार. डोलकाठी काढायला.”

परतीचा रस्ता

निरंजन घ्यायला आला होता. गाडीत तो काहीतरी विचारत राहिला, मग आमचे चेहरे आरशात बघून नुसता रस्त्याकडे बघू लागला. मागच्या सीटवर मी आणि इरा. तिच्या मांडीवर उरलेल्या बिस्किटांचा डबा. डोंगर मागे राहिले, उंट आले, मग दिवे.

“इरा,” मी म्हटलं, “मला तुझ्याइतकंच जायचं होतं. ती डोंगराची रेघ जावी म्हणून मी श्वास धरून उभी होते. इतका आनंद मला कितीतरी वर्षांत झाला नव्हता.”

ती वळली आणि माझ्याकडे बघायला लागली. रागाने नाही. एखादी वस्तू हरवली की आपण शोधतो तशी ती माझ्या चेहऱ्यावर शोधत होती, कपाळ, डोळे, ओठ. बराच वेळ तिने शोधलं.

“मग तसं दिसत का नाही, आत्या?” तिने विचारलं. मराठीत.

मी तिच्याकडे बघून हसायचा प्रयत्न केला. तिच्या मागे गाडीची काच होती आणि बाहेर अंधार पडला होता, तेव्हा माझं ते हसू काचेत मलाही दिसलं, आणि ते हसण्यासारखं दिसत नव्हतं. तिने माझा हात हातात घेतला. “इट्स ओके,” ती म्हणाली आणि तळवा सोललेला असूनही तिने तो शारजा येईपर्यंत सोडला नाही.